वाणी विस्कटली, माणूस नव्हे

ज्याच्या बोलण्याचा अर्थ लागत नाही, त्याचे ऐकण्याचे बंधन आपल्यावर आहे काय? छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, जडलेला माणूस ज्या घरात आहे तेथे हा प्रश्न रोज उभा राहतो. त्याच्या एका वाक्याचा दुसऱ्याशी सांधा जुळत नाही. समोर कुणी नसताना तो उत्तरे देतो. मग घरचे त्याच्याशी बोलेनासे होतात. केवळ त्याच्याविषयी बोलतात.

१९९३ मध्ये लंडनच्या संशोधकांना आढळले की, रुग्णाला असे आवाज ऐकू येत असताना मेंदूतील ‘ब्रोका’ भागाचा रक्तप्रवाह वाढतो. हा भाग प्रामुख्याने बोलण्याशी निगडित आहे. स्वतःच्याच मनातले बोल त्याला परक्याचे वाटत असावेत, असे एक अनुमान त्यावरून निघते. अशा माणसाला ढोंगी वा झपाटलेला म्हणणे हा अन्यायच होय.

१९५२ पासून या आजारावर औषधे मिळू लागली. ती पुष्कळांचे आवाज शमवतात. परंतु वाशीमच्या कुटुंबाला नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय २०० किलोमीटरांहून दूर पडते. गोळ्या तर बहुधा वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात, आणि त्या देणारा हात घरचाच असतो.

डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ साली ‘श्रद्धा’ संस्था स्थापन केली. रस्त्यावर भटकणाऱ्या हजारो मनोरुग्णांना तिने उपचारांनंतर घरी पोहोचवले. या कार्यासाठी डॉ. भरत यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार लाभला. उपचारांनी मन स्थिरावले की रुग्ण आपले नाव, गाव सांगू लागतो. ते जाणायला त्याची बोली समजणारा कान लागतो. वऱ्हाडी माणसाला वऱ्हाडी समजणारा. पण गाव सापडले तरी दार उघडणारे कुणी हवे.

मार्कलिखित शुभवर्तमानात थडग्यांत राहणाऱ्या एका माणसाची कथा आहे. लोकांनी त्याला साखळदंडांनी बांधले होते; प्रभू येशूने त्याला नाव विचारले. त्या कथेवरून प्रत्येक मनोरुग्णाला भूतबाधा ठरवणे आम्हांला गैर वाटते. तिचा शेवट मात्र विचारात घेण्याजोगा आहे. तो भानावर आलेला पाहून गावकरी भ्याले, आणि प्रभूने त्याला त्याच्याच माणसांकडे, घरी पाठवले. तेव्हा खरी कसोटी घरच्यांची होती.

परमेश्वराची प्रतिमा माणसाच्या शुद्ध वाक्यरचनेवर अवलंबून नाही. म्हणून अर्थ लागो वा न लागो, ऐकण्याचे बंधन आपल्यावर आहेच, असे आम्ही मानतो. आपल्या धर्मग्रामातील अशा घरी जाताना डॉक्टरांचा पत्ता अवश्य न्यावा. आणि त्या आजाऱ्याला त्याच्या नावाने हाक मारून त्याच्याजवळ थोडा वेळ बसावे.