भीती वाटते म्हणजे श्रद्धा कमी आहे का?

 

सत्संगाला येणाऱ्या कितीतरी जणांच्या मनात एक प्रश्न असतो. तो चारचौघांत विचारायला संकोच वाटतो. प्रश्न असा: "इतकी वर्षं नाम घेतो, पोथी वाचतो, तरी रात्री दोनला जाग येते आणि छातीत धडधडतं. माझी श्रद्धाच कच्ची आहे का?"

धडधडायला कारणं कमी नाहीत. उसाचं बिल अडकलेलं असतं. तंबाखूला यंदा काय भाव मिळेल कुणी सांगू शकत नाही. पोरगा पुण्याला नाहीतर बेंगळुरूला कंपनीत, आणि त्याचा फोन दोन दिवस आलेला नाही. मुलीचं कुठं जमत नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट उद्या न्यायला सांगितलाय. ही चिंता एकवेळ सोसवते. पण तिच्या जोडीला "मी भक्त असून घाबरतो" ही लाज आली की ओझं दुप्पट होतं. आज या दुसऱ्या ओझ्याविषयी बोलू.

यासाठी आज ख्रिस्ती परंपरेकडे बघायचं आहे. कुणी म्हणेल, तिकडे कशाला? तर आपल्या मुलखाची ही जुनीच रीत आहे. जमखंडीत जन्मलेले आणि निंबाळला आश्रम असलेले गुरुदेव रानडे यांनी आयुष्यभर आपले संत आणि ख्रिस्ती संत शेजारी शेजारी ठेवून अभ्यासले. बेळगावच्या हिंदवाडीत त्यांच्या प्रेरणेनं उभी राहिलेली संस्था याच तौलनिक अभ्यासासाठी आहे. महाराष्ट्रातल्या संतांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३३ साली आला. तुकोबांच्या तळमळीच्या काळाला नाव देताना रानड्यांनी स्पेनमधल्या सोळाव्या शतकातल्या एका ख्रिस्ती संताचा शब्द घेतला, 'आत्म्याची काळोखी रात्र'. म्हणजे काळोख भक्तालाही चुकत नाही, हे दोन्हीकडच्या संतांना ठाऊक होतं.

*येशूनं काय सांगितलं?*

गालील प्रांतातल्या डोंगरावर बसून येशू ख्रिस्तानं लोकांना चिंतेविषयी सांगितलं. ऐकणारे कोण होते? कोळी, शेतकरी, रोजावर जाणारे, करानं पिचलेले. त्यांना त्यानं पाखरं दाखवली. ती पेरत नाहीत, कोठारं भरत नाहीत, तरी देव त्यांना जगवतो. रानातली फुलं दाखवली. आणि म्हणाला, उद्याचं ओझं आज उचलू नका, आजचं आजला पुष्कळ आहे.

हे ऐकायला गोड वाटतं. पण निपाणीत विडीच्या पानांपुढं दिवसभर मान मोडणाऱ्या बाईला आपण असं सांगावं का? "काळजी करू नको, देव पाखरांनाही देतो," हे भरल्या पोटाच्या माणसानं म्हटलं तर ते उपदेश कमी आणि चेष्टा जास्त वाटते. ही शंका खरी आहे, ती टाळून चालणार नाही.

तर आधी बघा की, पाखरू घरट्यात चोच उघडून बसत नाही. उजाडलं की ते बाहेर पडतं. येशूनं काम सोडा असं सांगितलेलं नाही, उद्याला आजच घाबरणं सोडा असं सांगितलंय. बाईच्या हाताला काम आहेच. तिला पोखरतं ते काम नव्हे, रात्री पडल्या पडल्या पुन्हा पुन्हा घातलेला तोच हिशेब.

दुसरं म्हणजे, हे सांगणारा स्वतः कसा जगला ते पाहायला हवं.

*गेथशेमानेची रात्र*

वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू गेथशेमाने नावाच्या बागेत गेला. उद्या काय होणार हे त्याला कळलं होतं. आणि तो घाबरला. हे शुभवर्तमानांत उघडपणे लिहिलंय, कुणी लपवलेलं नाही. तो व्याकूळ झाला, घामानं निथळला. हे टळत असेल तर टळू दे, असं त्यानं देवाकडे मागितलं, तेही एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. आणि शेवटी म्हणाला, माझ्या मनासारखं नको, तुझ्या मनासारखं होऊ दे. मग उठला आणि पकडायला आलेल्या माणसांना सामोरा गेला.

म्हणजे भीती वाटणं हे पाप नाही. जो चिंता करू नका म्हणाला, त्यालाही भीतीनं घाम फुटला. फरक इतकाच की त्यानं भीती गिळली नाही आणि तिच्यापासून पळालाही नाही. ती त्यानं देवाजवळ बोलून दाखवली आणि मग पुढचं पाऊल टाकलं. श्रद्धा त्या पावलात आहे.

*रमाबाईंचं आयुष्य*

याचा दाखला आपल्या मराठी मुलखातच आहे. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा, कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत फिरायचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीनं वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ पायी चालत राहिले. १८८० ला भाऊही गेला. १८८२ ला पती गेले. पदरात लहानगी मनोरमा. दुसऱ्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

मग त्यांचं सगळं सुरळीत झालं का? नाही. लोकांचा रोष झाला, पैशाची ओढाताण झाली, ऐकू येणंही कमी होत गेलं. आणि १८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला, या वेळी मध्य प्रांतात. ज्या बाईनं आपली माणसं भुकेनं मरताना पाहिली, तिला 'दुष्काळ' या शब्दाची केवढी दहशत असेल! दार लावून बसली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. दौंडजवळ केडगावला 'मुक्ती' उभं राहिलं. पुढं १९०० च्या सुमाराला तिथं दीड हजारांवर माणसं जेवत होती. विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला. रमाबाईंची प्रार्थना आणि हा खटाटोप एकाच वेळी चालू असायचा.

आणि शेवट? १९२१ साली एकुलती एक मनोरमा गेली. रमाबाई तेव्हा सगळं बायबल साध्या मराठीत आणत होत्या. ते काम त्यांनी तडीस नेलं आणि एप्रिल १९२२ मध्ये देह ठेवला.

हे नीट ध्यानात घेऊ या. त्यांच्या आई-वडिलांनी व्रतं केली, दानं दिली, तरी दुष्काळ टळला नाही. रमाबाईंनी ख्रिस्तावर सगळा भार टाकला, तरी लेक वाचली नाही. देव म्हणजे विमा कंपनी नव्हे, की हप्ता भरला म्हणजे संकट येणार नाही. हे कुठल्याही धर्मात तितकंच खरं आहे. मग श्रद्धेनं दिलं काय? जी भीती माणसाला कोंडून घालते, तीच भीती रमाबाईंना दुसऱ्याच्या भुकेपर्यंत घेऊन गेली. आपल्या दुखण्यातून त्यांना दुसऱ्याचं दुखणं ओळखता आलं.

आपल्याकडची किती माणसं मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात बरी होऊन आली! डॉ. वानलेस यांनी ते १८९४ मध्ये सुरू केलं. मिशनच्या दवाखान्यांत शस्त्रक्रियेआधी प्रार्थना करण्याची रीत आहे. पण प्रार्थना झाली म्हणून डॉक्टर सुरी खाली ठेवत नाहीत. आधी हात जोडायचे, मग तेच हात कामाला लावायचे. म्हणून आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जीव घाबरा होत असेल, तर नामही घ्या आणि डॉक्टरांकडेही जा. त्यात श्रद्धेला कसलाही कमीपणा नाही.

*घाबरलेल्या माणसाजवळ बसा*

आता एक गोष्ट घरातल्या सगळ्यांसाठी. त्या रात्री बागेत येशूनं तीन मित्रांना जवळ नेलं होतं. माझ्यासोबत जागे राहा, एवढंच त्यांच्याकडे मागितलं होतं. आणि ते झोपी गेले.

आपलंही असंच होतं. घरात कुणी म्हणालं, "मला भीती वाटते," की आपण पटकन म्हणतो, "श्रद्धा ठेव, सगळं चांगलं होईल." ग्रुपवर एक फुलांचं चित्र पाठवतो आणि मोकळे होतो. हेही एक झोपणंच आहे. घाबरलेल्याला उपदेश नको असतो, कुणीतरी जागं असलेलं हवं असतं. सून गप्प गप्प असेल, आजोबा रिपोर्टचा विषय टाळत असतील, दहावीतलं पोर जेवत नसेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. ऐकून घ्या. रिपोर्ट आणायला सोबत जा.

*या आठवड्याचा अभ्यास*

१. झोपण्याआधी देवाला चिंता नाव घेऊन सांगा. "सगळं नीट कर" असं मोघम नको. "उसाचं बिल", "पोराची नोकरी", असं स्पष्ट सांगा.

२. त्यातलं उद्या आपल्या हातून होण्यासारखं एक काम ठरवा. उरलेलं त्याच्या पायाशी ठेवा.

३. आपल्यापेक्षा जास्त घाबरलेलं कोण आहे ते शोधा आणि त्याच्याकडे जा.

रात्री दोनला पुन्हा जाग आलीच, तर स्वतःला दोष देऊ नका. त्या वेळी घेतलेलं एक नामही देवाला पोचतं.

हा लेख घरात मोठ्यानं वाचावा. वाचून झाल्यावर मोबाईल बाजूला ठेवून एकमेकांना विचारावं, "तुला कसली काळजी आहे?"

सर्वांचं कल्याण होवो. जय सद्गुरू 🙏