स्मृती आणि संगणित रकाना

डेटाबेसच्या तक्त्यातील काही रकान्यांत कोणीही मूल्य भरत नाही. त्याच ओळीतील इतर रकान्यांवरून डेटाबेस ते सूत्राने काढतो, आणि म्हणून त्यांना संगणित रकाने म्हणता येते. विक्रीच्या तक्त्यात नग 12 आणि दर 45 असेल, तर 540 ही रक्कम अशा रकान्यात येते. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीने 2015 साली 5.7 या आवृत्तीत अशा रकान्यांचे दोन प्रकार दिले : दर वाचनाच्या वेळी गणित करणारा आभासी आणि लिहितानाच उत्तर साठवणारा संचित. कार्य कारणात आधीपासूनच असते हा सांख्यांचा सत्कार्यवाद येथे आठवणे स्वाभाविक आहे. परंतु या ठिकाणचा खरा प्रश्न कार्यकारणाचा नसून ज्ञानाचा आहे.

तो उद्भवतो ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपरमुळे, म्हणजे तक्त्यातील ओळ प्रोग्रामच्या स्मृतीत वस्तुरूपाने उभी करणाऱ्या आणि तिच्यातील बदल पुन्हा तक्त्यात नेणाऱ्या मध्यस्थामुळे. प्रोग्रामने नग 15 करून वस्तू जतन केली की डेटाबेसात रक्कम 675 होते. पण मॅपरने ती परत मागवली नसेल, तर वस्तूत 15, 45 आणि 540 हे आकडे शेजारी शेजारी नांदतात, आणि त्रुटीची सूचना कोठेही उमटत नाही.

वस्तूत मागे राहिलेला हा 540 न्यायदर्शनाच्या भाषेत स्मृती ठरतो. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रह या न्यायग्रंथात ज्ञानाचे स्मृती आणि अनुभव असे दोन भेद केले असून, पूर्वानुभवाने मागे ठेवलेल्या संस्कारातूनच जे उपजते ती स्मृती होय. नवव्या शतकातील काश्मीरचे नैयायिक जयंत भट्ट यांनी न्यायमंजरीत स्मृतीला प्रमाण मानले नाही, कारण ती विषयापासून उत्पन्न होत नाही. हा निकष विलक्षण नेमका आहे : मॅपरजवळचे जुने मूल्य योगायोगाने बरोबर ठरले, तरीही ते प्रमा, म्हणजे यथार्थ अनुभव, होत नाही. मॅपरने स्वतःच गुणाकार करावा हा उपायही अपुराच. ते अनुमान होय, आणि अनुमान व्याप्तीवर, म्हणजे हेतू व साध्य यांच्या नियत साहचर्यावर, उभे असते. डेटाबेसातील सूत्रात उद्या सवलत मिळवली गेली, की ती व्याप्ती कोणाच्या नकळत मोडते.

स्वतःचा मॅपर असलेल्या जँगो या वेब-चौकटीच्या, डिसेंबर 2025 मध्ये आलेल्या 6.0 या आवृत्तीने येथे योग्य मार्ग धरला. बदललेले मूल्य त्याच आज्ञेतून परत देण्याची सोय पोस्टग्रेसप्रमाणे ज्या डेटाबेसात आहे, तेथे जतन करतानाच नवे मूल्य घेतले जाते. मायएसक्यूएलवर तशी सोय नसल्यामुळे तो रकाना अज्ञात ठरवला जातो, आणि पुढच्या वाचनाच्या वेळी डेटाबेसलाच विचारले जाते.