जळते घर आणि आतली माणसे

लहान निवासी इमारतीत स्प्रिंकलर कोणत्या मानकाप्रमाणे बसवायचे, हा अमेरिकेतील वास्तुविशारदांपुढचा नेहमीचा प्रश्न आहे. वरवर पाहता तो नळांच्या जाडीचा आणि पाण्याच्या दाबाचा हिशेब वाटतो. पण त्या हिशेबाआधी एक प्रश्न सुटलेला असावा लागतो, आणि तो नीतिशास्त्राचा आहे: आगीतून वाचवायचे ते काय? माणसाचा जीव, की ज्याच्या आधाराने तो जगतो ते घरही?

तेथील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन (एनएफपीए) १८९६ मध्ये स्थापन झाली, तीच मुळात स्प्रिंकलरच्या जोडणीत एकवाक्यता आणण्याच्या खटाटोपातून. त्या काळी स्प्रिंकलर राहत्या घरांत नव्हे, तर कापडगिरण्यांत आणि गोदामांत असत, आणि विमा कंपन्यांचे लक्ष मालावर असे. या परंपरेतले मूळ मानक म्हणजे एनएफपीए १३. त्यात इमारतीचा जवळजवळ प्रत्येक भाग संरक्षणाखाली येतो. १९७५ मध्ये एक-दोन कुटुंबांच्या घरांसाठी १३डी हे वेगळे मानक आले आणि १९८९ मध्ये चार मजल्यांपर्यंतच्या निवासी इमारतींसाठी १३आर. या दोहोंचा उद्देश वेगळा होता. आग लागलेल्या खोलीत माणसाने काही काळ तग धरावा आणि त्याला बाहेर पडता यावे, एवढेच त्यांनी मागितले. म्हणून १३डीमध्ये पाण्याचा हिशेब सर्वसाधारणपणे दोन स्प्रिंकलर १० मिनिटे चालतील असा असतो, तर १३आरमध्ये चार स्प्रिंकलर ३० मिनिटे. १३आर आणखी एक सवलत देते: ५५ चौरस फुटांपर्यंतची न्हाणीघरे, छोटी कपाटे आणि राहण्यासाठी वा सामान ठेवण्यासाठी न वापरलेला छताखालचा पोटमाळा यांत स्प्रिंकलर नसले तरी चालतात. जीवघेण्या आगी बहुधा दिवाणखान्यात, शयनगृहात किंवा स्वयंपाकघरात सुरू होतात, हे त्यामागचे कारण.

या सवलतीमागे भक्कम तत्त्वविचार उभा करता येतो. कांटने १७८५ मध्ये किंमत असलेल्या वस्तू आणि प्रतिष्ठा असलेल्या व्यक्ती असा भेद केला. किमतीच्या गोष्टीची भरपाई दुसऱ्या गोष्टीने होते, व्यक्तीची होत नाही. या कसोटीवर १३आर अगदी योग्य ठिकाणी रेषा ओढते असे दिसते. घर पुन्हा बांधता येते, माणूस परत आणता येत नाही.

हाच विचार बौद्ध परंपरेने फार पूर्वी एका कथेतून मांडला होता. सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या तिसऱ्या अध्यायात एका धनाढ्य गृहस्थाच्या जुन्या, जीर्ण वाड्याला आग लागते. दार एकच, आणि आत मुले खेळात दंग. आगीचे भय सांगून ती बाहेर येत नाहीत, म्हणून बाप त्यांना बाहेर शेळ्यांच्या, हरणांच्या आणि बैलांच्या गाड्या ठेवल्या आहेत असे सांगतो. मुले धावत बाहेर येतात. वाडा जळतो आणि बाप निश्चिंत होतो. घर सोडा, जीव वाचवा: १३आरचा सारा उपदेश या कथेत आहे.

मात्र कथेतले दोन तपशील नजरेआड करता येत नाहीत. पहिला असा की बाप अपार श्रीमंत आहे. वाडा गेला तरी मुले उघड्यावर पडत नाहीत. दुसरा तपशील वचनाचा. बाप शेवटी प्रत्येक मुलाला कबूल केलेल्या गाडीपेक्षा कितीतरी मोठा, रत्नजडित रथ देतो. बापाने असत्य सांगितले का, हा प्रश्न सूत्र स्वतःच उपस्थित करते आणि नाही असे उत्तर देते.

२१ जानेवारी २०१५ रोजी न्यू जर्सीतील एजवॉटर येथे जे घडले, त्यात हे दोन्ही तपशील उलटे झालेले दिसतात. १३आरप्रमाणे स्प्रिंकलर बसवलेल्या, लाकडी सांगाड्याच्या मोठ्या निवासी संकुलात नळदुरुस्ती करणाऱ्यांच्या ज्योतीमुळे भिंतीच्या आत आग लागली. ती भिंतींच्या आणि पोटमाळ्याच्या पोकळीतून पसरली, म्हणजे नेमकी जिथे १३आरचे पाणी पोहोचत नव्हते तिथून. एकाही माणसाचा जीव गेला नाही. या अर्थी मानक यशस्वी ठरले. पण २४० घरे गेली आणि शेकडो रहिवासी थंडीच्या रात्री बेघर झाले. त्यांच्यामागे कथेतला धनाढ्य पिता नव्हता.

इथे कांटचा भेद अपुरा पडतो. विमा नसलेल्या भाडेकरूचे, एकट्या राहणाऱ्या वृद्धेचे घर ही केवळ किमतीची वस्तू नसते. औषधे, कागदपत्रे, शेजार आणि मुलांची शाळा त्याच्याबरोबर जातात. संस्कृत परंपरेतील योगक्षेम या शब्दात मिळवणे आणि मिळवलेले राखणे दोन्ही येतात, आणि क्षेमाशिवाय योगाला फारसा अर्थ उरत नाही. वचनाचा दोष तर अधिक गंभीर आहे. इमारतीत स्प्रिंकलर आहेत असे ऐकणारा रहिवासी सारी इमारत सुरक्षित आहे असे समजतो. त्याला शब्दाने सुचवल्यापेक्षा कमी मिळते आणि ते कुणी त्याला सांगत नाही.

तरीही १३आरला अनैतिक ठरवणे अन्यायाचे होईल. पूर्ण संरक्षणाचा हट्ट धरला आणि खर्चामुळे काहीच बसले नाही, तर जीवही जातील. अमेरिकेच्या नमुना निवासी संहितेने २०११ पासून एक-दोन कुटुंबांच्या सर्व नव्या घरांत स्प्रिंकलर सक्तीचे केले, तेव्हा कॅलिफोर्नियाने ते स्वीकारले, पण बहुतेक राज्यांनी ते कलम गाळले, आणि विरोधात मुख्य मुद्दा खर्चाचाच होता. १३आरचा जन्मही त्याआधी खर्चाच्या याच वास्तवातून झाला होता. तो उपाय आहे, बौद्ध अर्थानेही: कथेतल्या बापाच्या गाड्यांसारखी, परिस्थिती पाहून योजलेली युक्ती.

म्हणून निवड करताना नुकसान कोण सोसणार हे आधी विचारायला हवे. दुमजली, मोजक्या घरांची, प्रत्येकाला थेट बाहेर वाट असलेली इमारत असेल तर १३आर पुरेसे मानता येते. चार मजले, लाकडी सांगाडा, सर्व घरांवरून जाणारा एकच पोटमाळा आणि सावकाश चालणारे रहिवासी असतील, तर पूर्ण १३ किंवा निदान पोटमाळ्यात आणि बाल्कनीत जादा स्प्रिंकलर हेच न्याय्य आहे. बांधकाम संहिताही त्या दिशेने सरकल्या आहेत. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१८ च्या आवृत्तीने १३आरच्या उंच लाकडी निवासी इमारतींत पोटमाळ्याचे संरक्षण मागितले, आणि २०२१ च्या आवृत्तीने सर्वांत वरच्या मजल्याची जमीन अग्निशमन वाहनाच्या वाटेपासून ३० फुटांपेक्षा उंच असेल तर १३आरची मुभाच काढून घेतली.