दाराबाहेर गेलेला कचरा कोणाचा?



सकाळी घंटागाडीचा आवाज आला की आपण डबा उचलतो, गाडीत रिकामा करतो आणि दार लावून घेतो. दार लागले की तो कचरा आपल्या मनातूनही जातो. तहारतीच्या, म्हणजे पवित्रतेच्या बाबतीत आपण किती दक्ष असतो हे सांगायला नको. कपड्यावर घाणीचा एक शिंतोडा उडाला तरी नमाजपूर्वी आपण तो धुऊन काढतो. परंतु घरातून काढलेली घाण पुढे कोणाच्या हाती लागते, हा प्रश्न आपण दीनचा मानत नाही. तो नगरपालिकेचा मानतो. ही वाटणी खरोखर योग्य आहे का?

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ईमानच्या अनेक शाखा सांगितल्या आणि त्यांतील सर्वांत खालची शाखा म्हणून वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करण्याचा उल्लेख केला. ही हदीस आपल्या मुलांनाही ठाऊक असते. पण तिची दुसरी बाजू आपण क्वचितच पाहतो. दुसऱ्याने टाकलेला काटा उचलणे जर ईमानचा भाग असेल, तर स्वतः काटा टाकणे कशाचा भाग ठरेल? लोकांच्या वाटेवर आणि सावलीच्या जागी घाण करणारा शापास पात्र होतो, असा इशाराही सहीह मुस्लिममध्ये आलेला आहे.

येथे एक गोष्ट आठवते. प्रेषितांच्या (स.) अंगावर रोज केरकचरा टाकणारी म्हातारी आणि ती आजारी पडताच तिची विचारपूस करायला गेलेले प्रेषित (स.), ही कथा आपल्याकडे व्याख्यानांतून हमखास सांगितली जाते. हदीसच्या प्रमाण संग्रहांत तिला आधार सापडत नाही, म्हणून ती सांगताना सावध राहावे. तरीही ती ऐकून डोळे पुसणाऱ्या श्रोत्यांना, आणि त्यांत मीही आलो, विचारावेसे वाटते की त्या कथेतली आपली भूमिका नेमकी कोणती?

कचरा वेगळा करणे म्हणजे काय, हे ज्याचे हात त्यात जातात त्याच्या बाजूने पाहावे. फुटलेला काचेचा ग्लास, दाढीचे पाते, इन्सुलिनची सुई, लहान मुलाचे डायपर हे सारे आपण एकाच पिशवीत बांधतो. पुढे कोणीतरी ती पिशवी फोडून हाताने निवडतो, कारण प्लास्टिक, पुठ्ठा आणि पत्रा यांवर त्याची रोजी चालते. त्याच पिशवीत आपण कालचे सालन ओतलेले असते. पुठ्ठा भिजला की भंगारवाला तो घेत नाही. म्हणजे आपल्या आळसाने आपण एका कष्टकऱ्याचे बोटही कापतो आणि त्याची कमाईही बुडवतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करण्यास सांगितले. या नियमाआधी कितीतरी शतके दीनने आपल्याला हुकूकुल इबाद, म्हणजे दासांचे हक्क शिकवले होते.

यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो: ‘आम्ही वेगळे करून दिले तरी गाडीत सगळे एकत्रच होते, मग उपयोग काय?’ हा आक्षेप खोटा नाही. अनेक ठिकाणी असे होते आणि त्याचा जाब प्रभाग कार्यालयात विचारलाच पाहिजे. परंतु काच कागदात गुंडाळून वर खूण केलेली असेल, तर गाडीत एकत्र झाल्यावरही ती कोणाचा हात कापत नाही. कोरडा पुठ्ठा थेट कचरावेचक भगिनीच्या हाती दिला, तर तो गाडीत जातच नाही. आणि दुसऱ्याने आपली अमानत बुडवली म्हणून मला माझी बुडवण्याची परवानगी मिळते, असे कोणत्या फिक्हमध्ये लिहिले आहे?

याहून अवघड प्रश्न राडारोड्याचा आहे, आणि तो मी स्वतःच्या अपराधासह मांडतो. दोन वर्षांपूर्वी मी घराचे स्वयंपाकघर नव्याने बांधून घेतले. जुनी फरशी, विटा, फुटके सिंक, पीओपीचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या असा मोठा ढीग झाला. मिस्त्रीने विचारले, ‘चाचा, हे कुठे टाकायचे?’ मी म्हणालो, ‘ते तुम्ही बघा.’ सकाळी ढीग नाहीसा झाला होता. मी चौकशी केली नाही, कारण उत्तर मला ठाऊक होते. वस्तीमागच्या नाल्याच्या कडेला माझ्याच स्वयंपाकघराची निळी फरशी पडलेली होती.

‘ते तुम्ही बघा’ या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. वकील, म्हणजे आपला प्रतिनिधी नेमला की त्याचे काम आपल्या नावावर जमा होते, हे आपण खरेदी-विक्रीत मान्य करतो. मग येथेच ते का नाकारतो? जाणूनबुजून न विचारणे हे अज्ञान नव्हे. ती निवड आहे. बांधकाम कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतही माती, काँक्रीट वगैरे वेगळे ठेवण्याची आणि त्यामुळे गटारे तुंबणार नाहीत हे पाहण्याची जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावर, म्हणजे माझ्यावर होती. या वेगळे करण्यालाही अर्थ आहे. विटा आणि काँक्रीट दळून त्यांची खडी होते, तिचे पेव्हर ब्लॉक बनतात. त्यात पीओपी आणि गोण्या मिसळल्या की तो माल बिघडतो.

आपला कचरा शेवटी जातो कुठे, हे मुंबईकर वाचकांना सांगायची गरज नाही. देवनारची कचराभूमी १९२७ पासून आहे. कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो आणि तो पेट घेतो. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस शहरावर होता. पण सर्वांत आधी तो गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडीतल्या घरांत शिरला. त्या घरांत आपलीच माणसे राहतात. आणि आपली नसती, तरी त्यांचा हक्क तेवढाच राहिला असता.

प्रेषितांनी (स.) सांगितलेला तो दिवाळखोर माणूस आठवा, जो कियामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल आणि ज्यांना त्याने त्रास दिला ते सारे त्याच्या नेक्या वाटून नेतील. दासांच्या हक्कांची तौबा केवळ जानमाजवर पूर्ण होत नाही, असे उलेमा सांगतात. नुकसान भरून द्यावे लागते किंवा माफी मागावी लागते. नाल्याकाठच्या त्या फरशीने ज्याच्या घरात पाणी शिरले असेल, त्याला मी ओळखत नाही. माफी कोणाकडे मागू?

गेल्या महिन्यात न्हाणीघराचे काम निघाले. या वेळी गोण्या, लोखंड आणि पीओपी आम्ही वेगळे ठेवले आणि महापालिकेच्या गाडीचे पैसे भरले. नाल्याकाठचे जे उकरता आले तेही त्याच गाडीत घातले. निम्म्याहून अधिक फरशी चिखलात रुतून बसली होती. ती निघाली नाही.