वीतभर पाणी

मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात एक शेतकरी होता. त्याचं एक शेत अगदी सखल होतं. एके काळी तिथे जंगल होतं आणि हिवाळ्यात झाडांच्या बुंध्याशी पाणी साचायचं. १९७०च्या दशकात सोयाबीनला चांगला भाव आला. वडिलांनी झाडं तोडली, चर खणले. तरी पुराचं पाणी यायचं आणि उभं पीक घेऊन जायचं.

पुढे १९९०च्या कायद्यानं सरकार अशा जमिनी पुन्हा पाणथळ करण्यासाठी मोबदला देऊ लागलं. जमीन मालकाचीच राहणार होती, नांगर मात्र कायमचा थांबणार होता. शेतकऱ्यानं सही केली. चर बुजवले, बांध घातला, उंचवट्यावर ओकची रोपं लावली. बांधाच्या मोरीत पाणी अडवणाऱ्या सगळ्या फळ्या बसवून शेत काठोकाठ भरलं आणि तो घरी गेला.

हिवाळ्यात उत्तरेकडून मॅलार्ड बदकं आली. पाण्यावर घिरट्या घातल्या, थोडी उतरली आणि निघून गेली. पुढच्या हिवाळ्यातही तसंच झालं.

शेजारी एक म्हातारा राहायचा. बालपणापासून बदकं पाहत आलेला. शेतकरी त्याच्याकडे गेला.

म्हातारा म्हणाला, "हे बदक शेपटी वर करून मान खाली घालतं. मान पोचेल तेवढंच पाणी त्याच्या कामाचं. वीत, फार तर दोन वीत."

"आणि दाणा?"

"उन्हाळ्यात पाणी सोडून दे. उगवेल ते उगवू दे."

शेतकऱ्यानं फळ्या काढल्या. उघड्या चिखलात तण माजलं. जन्मभर औषध मारून ज्याचा नायनाट केला, तेच तण. त्याचा हात शिवशिवला, पण त्यानं स्वतःला आवरलं. तणाला भरभरून बी धरलं. शरद ऋतूत त्यानं एकेक फळी घालत वीतभर पाणी चढवलं.

त्या हिवाळ्यात बदकं उतरली आणि राहिली.

घेतलेलं परत केलं की आपलं काम संपलं, असं माणसाला वाटतं. त्या शेतकऱ्याचं काम मात्र तिथूनच सुरू झालं, आणि ते त्याच्या आजवरच्या शेतीच्या नेमकं उलट होतं.

पुढे दुसऱ्या एका शेतकऱ्यानं आपलं सखल शेत पाण्याला परत द्यायचं ठरवलं आणि तो बदकं पाहायला आला. पहिल्या शेतकऱ्यानं त्याला आधी मोरीपाशी नेलं आणि कोणत्या महिन्यात किती फळ्या ठेवायच्या ते दाखवलं.