अनेकान्त आणि विद्यार्थ्याचे मत

बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयाची चालक संस्था जैन दर्शनातील ‘अनेकान्त’ हा शब्द आपल्या नावातच धारण करते, आणि 1962 पासून बारामती-इंदापूरकडील शेतकऱ्यांची मुले तेथे शिकत आली आहेत. वस्तू अनंतधर्मात्मक असून तिच्याविषयीचे प्रत्येक विधान कोणत्या तरी एका अपेक्षेनेच खरे ठरते, असे जर हे दर्शन सांगत असेल, तर अठरा-वीस वर्षांच्या मुलाने चालू घडामोडींवर ठाम मत द्यावे की देऊ नये, हा प्रश्न त्या आवारात तरी विचारण्याजोगा आहे. वडीलधारी मंडळींचे उत्तर ठरलेले असते : “आधी परीक्षा दे, मग जगाचं बघ.” विद्वानांचे उत्तर अधिक सभ्य असते, प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात, असे ते सांगतात. दोन्ही उत्तरांनी मुलगा गप्पच बसतो.

पण अनेकान्ताने त्याला गप्प बसावयास सांगितलेलेच नाही. इंदापूर तालुक्यातील पाण्याचा मामला पाहा. इंग्रज अमदानीत दुष्काळनिवारणासाठी काढलेला नीरा डावा कालवा पुरंदर व बारामती ओलांडून इंदापुरात येतो, तेव्हा तो आपल्या शेपटाला पोहोचलेला असतो. पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज भरून शेजपाळीची, म्हणजे आपल्या पाळीच्या पाण्याची, वाट पाहणारा, आवर्तन सुटले म्हणजे रात्री विजेरी घेऊन दारे धरावयास जाणारा आणि चारीत घोटाभरही पाणी न आल्यामुळे पाटकऱ्याच्या नावाने बोटे मोडीत परतणारा जो शेतकरी, त्याच्या मुलाचे मत बनलेले असते, आणि ते खोटे नसते : वरच्यांनी पाणी पळवले. याच तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला भीमेवरील उजनी धरणाचा फुगवटा पसरला आहे. त्यात इंदापूरची गावे व जमिनी बुडाल्या, पळसदेवचे जुने देऊळ पाण्याखाली गेले. म्हणून त्या पाण्यावर आपला हक्क आहे, असे इंदापूर म्हणते. 2021 साली सांडपाण्याच्या नावाने 5 टीएमसी पाणी इंदापूरसाठी उचलण्याचा हुकूम निघाला, तेव्हा उजनीच्याच पाण्यावर भिस्त असलेला सोलापूर जिल्हा खवळून उठला आणि मे महिन्यात तो हुकूम सरकारला मागे घ्यावा लागला. एका पाण्यावर फिर्यादी असलेला तालुका दुसऱ्या पाण्यावर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. आणि कैफियत दोन्हीकडे खरी होती!

जैन नैयायिकांनी येथे एक भेद केला आहे, जो मला त्यांच्या साऱ्या तर्कशास्त्रात सर्वाधिक मोलाचा वाटतो. एका अंगाने पाहून केलेले विधान म्हणजे नय. उरलेली सारी अंगे नाकारून केलेले तेच विधान म्हणजे दुर्नय. तेव्हा दोष मत असण्यात नाही. ‘मी चारीच्या शेपटाला उभा राहून बोलतो आहे’ असे जो सांगतो तो नयवादी. ‘सोलापूरची तहान हे निव्वळ राजकारण आहे’ असे जो म्हणतो तो दुर्नयवादी, मग त्याचे वय वीस असो की साठ. सगळेच बरोबर आहेत, असे म्हणून हात झटकणाऱ्याला तर मी त्याहून खालची जागा देईन, कारण त्याने कोणत्याच अंगाने पाहण्याचे कष्ट घेतलेले नसतात.

विद्यार्थ्यांचे ठाम मत दुर्नय असलेच पाहिजे असे नाही, याचे एक उदाहरण तैवानात सापडते. हे नाव आमच्या बागायतदारांना पपईच्या वाणामुळे ठाऊक. परंतु 2014 च्या मार्चमध्ये तेथील विद्यार्थ्यांनी, चीनशी झालेल्या सेवाव्यापाराच्या कराराची विधिमंडळात नीट छाननी होत नाही या तक्रारीवरून, विधिमंडळाचे सभागृहच तीन आठवड्यांहून अधिक काळ व्यापले होते. त्यांना पूर्ण ज्ञान झाले होते असे कोणी म्हणणार नाही. मात्र करार कलमवार तपासा, ही त्यांची मागणी सर्व अंगांनी पाहण्याचीच मागणी होती, आणि म्हणून त्यांचा हट्ट मला दुर्नय वाटत नाही.

आमच्याकडील प्राध्यापकांना माझी एवढीच विनंती आहे की, वादविवादस्पर्धेत इंदापूरच्या मुलाला उजनीच्या प्रश्नावर सोलापूरची बाजू मांडावयास सांगावी, बारामतीच्या मुलाला कालव्याच्या शेपटाची; आणि त्यानंतर त्याचे स्वतःचे मत विचारल्यावाचून त्याला व्यासपीठावरून खाली उतरू देऊ नये.