सर्व्हर घेताना आधी तारीख बघ

चि. भाचीस,


वाचनालयाची जुनी इतिवृत्तं आणि लोकांनी घरातून आणून दिलेली कागदपत्रं स्कॅन करून स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायची, त्यासाठी नेक्स्टक्लाउड वापरायचं, हे तू ठरवलंस ते मला मनापासून आवडलं. आता तुझा प्रश्न सर्व्हरचा. मित्र सेन्टओएस ७ या लिनक्सची तयार इमेज देतोय आणि कार्यालयात विंडोजचा एक डेस्कटॉप रिकामा आहे, असं तू लिहिलंस. दोन्हींना नाही म्हण. का, ते नीट समजून घे, कारण उद्या कार्यकारिणीपुढे ते तुलाच सांगावं लागणार आहे.

विंडोजचं लवकर आटपतं. नेक्स्टक्लाउडचा सर्व्हर विंडोजवर चालवायला त्याचे कर्तेच पाठिंबा देत नाहीत. त्यांना लिनक्स हवं, तेही ६४-बिट. त्या डेस्कटॉपवरचं विंडोज काढून लिनक्स घालणार असशील तर यंत्राला माझी हरकत नाही.

सेन्टओएस ७ चं प्रकरण जास्त धोक्याचं आहे, कारण ती चालते. मित्र तुला चालवून दाखवेल, फाइल चढेल, उतरेल, सगळं छान दिसेल. पण तिची मुदत ३० जून २०२४ ला संपली. त्यानंतर सापडलेल्या सुरक्षेच्या त्रुटींवर तिच्यासाठी फुकट दुरुस्ती येत नाही. शिवाय नेक्स्टक्लाउड पीएचपीवर चालतं आणि तिच्यासोबत आलेलं पीएचपी ५.४ चं, फार जुनं, म्हणजे आजचं नेक्स्टक्लाउड चालवायला पीएचपी बाहेरून कुठून तरी आणून बसवलेलं असणार. ते कुठून आणलं आणि कोण सांभाळतं, हे मित्राला विचार. लोकांनी आपल्या आजोबांची पत्रं तुमच्या भरवशावर दिली आहेत, तेव्हा हा प्रश्न विचारताना भीड बाळगू नकोस.

मुदतीची तारीख वाचताना ती कोणी दिली आहे आणि ती मोडता येते का, हेही बघायला शिक. सेन्टओएस ८ सप्टेंबर २०१९ मध्ये आली तेव्हा २०२९ पर्यंतचा भरवसा होता. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की ती ३१ डिसेंबर २०२१ लाच थांबणार. नुकतेच सर्व्हर उभे केलेल्या माणसांना वर्षभरात सगळं हलवावं लागलं.

माझं मत विचारशील तर लिनक्समधली उबुंटू २४.०४ घे. पीएचपी ८.३ आणि डेटाबेससाठी मारियाडीबी १०.११ तिच्याच भांडारातून मिळतात, वेब सर्व्हर म्हणून अपाचीही तिथलंच घे. बाहेरचं काही जोडू नकोस. यात नवलाईचं काहीच नाही आणि मला हे आवडतं ते त्याचसाठी. नेक्स्टक्लाउडच्या कर्त्यांनी आपल्या यादीत ही जोडणी ठेवली आहे, त्यांची आवृत्ती बाहेर पडण्याआधी तिच्यावर तपासली जाते आणि तुझं काही अडलं तर तेच आधी अडलेली हजारो माणसं सापडतात. अपाचीऐवजी एनजिनएक्सही चालतं, पण तुला ते आधीपासून येत नसेल तर आत्ता त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

आता यातल्या तारखा एका कागदावर लिही. उबुंटू २४.०४ ला नेहमीचा पाठिंबा पाच वर्षं, म्हणजे २०२९ पर्यंत. पीएचपी ८.३ ला त्याच्या मूळ कर्त्यांकडून सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२७ अखेरपर्यंत. पुढे उबुंटू आपल्या प्रतीपुरत्या त्या देत राहील. नेक्स्टक्लाउडची मात्र एक मुख्य आवृत्ती साधारण वर्षभरच सांभाळली जाते. तेव्हा तुझं वेळापत्रक ठरवणार ती सर्वांत आधी संपणारी तारीख.

इथे बरेच जण अडकतात. नेक्स्टक्लाउडला मुख्य आवृत्ती ओलांडून उडी मारता येत नाही. २८ वरून ३० वर जायचं तर मध्ये २९ वर थांबावंच लागतं. जिन्याची प्रत्येक पायरी चढावी लागते आणि काही पायऱ्यांवर पीएचपीही बदलावं लागतं. उबुंटू २०.०४ सोबत पीएचपी ७.४ आलं होतं. त्यावर नेक्स्टक्लाउड २५ चालायचं, पण २६ ला किमान ८.० हवं होतं. ज्यांनी दोन-तीन वर्षं हात लावला नाही, त्यांना पुढे एकाच वेळी नेक्स्टक्लाउड, पीएचपी आणि खालची उबुंटू असं तिन्ही हलवावं लागलं, तेही लोकांच्या फाइली आत असताना. तू वर्षातून दोन-तीनदा एक संध्याकाळ यासाठी राखून ठेव आणि ती कार्यकारिणीच्या ठरावात लिहून घे.

डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट निवडू नकोस. बसवताना ते सोपं वाटतं, पण ते चाचणीपुरतं आहे. दहा माणसं एकदम फाइली चढवू लागली की अडेल.

आता मराठीचं. इंग्रजी मार्गदर्शिकांत याबद्दल फारसं सापडत नाही आणि तुमच्या फाइलींची नावं तर सगळी देवनागरीत आहेत. सर्व्हरचं लोकेल यूटीएफ-८ चं आहे ना, हे पहिल्याच दिवशी तपास. स्वस्तातल्या भाड्याच्या यंत्रावर ते कधी कधी नसतं आणि मग पीएचपीची काही फंक्शनं नावातली देवनागरी अक्षरं गाळून टाकतात. नेक्स्टक्लाउडच्या व्यवस्थापन पानावर याची सूचना येते, ती दुर्लक्षून पुढे जाऊ नकोस. दुसरं, लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळी वेगळी मोजली जातात. ‘श्री’ एवढ्यालाच १२ बाइट लागतात, ‘इतिवृत्त’ ला २४. म्हणजे नावाला जेमतेम ८५ चिन्हं. सभेचा सगळा विषय फाइलच्या नावात लिहायची सवय असेल तर ती आत्ताच मोडा.

तिसरी गोष्ट ‘कऱ्हाड’, ‘वऱ्हाड’ अशा नावांची. त्यातला ‘ऱ’ दोन प्रकारे साठवता येतो, एका चिन्हात किंवा र अधिक नुक्ता असा दोन चिन्हांत. जुन्या मॅकची डिस्क तो फोडून साठवते. डोळ्यांना नाव एकच दिसतं, लिनक्सच्या लेखी ती दोन वेगळी नावं असतात. नेक्स्टक्लाउड आपल्याकडून नावं एकरूप करून घेतं, पण बाहेरची डिस्क जोडलीस तर मॅकच्या या रूपासाठी वेगळा पर्याय चालू करावा लागतो. स्कॅन करणारे गृहस्थ मॅक वापरतात असं तू म्हणाली होतीस, म्हणून मुद्दाम लिहिलं.

हे सगळं फार वाटलं तर नेक्स्टक्लाउडचीच ऑल-इन-वन नावाची डॉकरमधली जोडणी आहे. पीएचपी, डेटाबेस, बॅकअप सगळं तिच्यात येतं आणि तीही कर्त्यांनीच सांभाळलेली आहे. तुझ्यानंतर सर्व्हर बघणारं कोणी नसेल तर मी तीच घ्यायला सांगेन. पण तुला शिकायचं आहे आणि तुझ्या हाताखाली दोन मुलंही तयार होतायत, म्हणून आधी हाताने उभं कर.

बॅकअपमध्ये तीन गोष्टी हव्यात: कॉन्फिगचा फोल्डर, डेटाचा फोल्डर आणि डेटाबेस. मेंटेनन्स मोड चालू करून तिन्ही एकाच वेळी घे, नाहीतर डेटाबेसला ठाऊक नसलेल्या फाइली आणि फाइलींविना उरलेल्या नोंदी हाती येतील. मग तो विंडोजचा डेस्कटॉप पुसून त्याच्यावर उबुंटू घाल आणि बॅकअप तिथे पुन्हा उभा करून बघ. त्यासाठी तो उत्तम आहे. एखादी कऱ्हाडची फाइल तिथे उघडली की मला फोन कर. पीएचपीची मेमरी मर्यादा ५१२ एमबी करायची राहील, ती बोलता बोलता बदलू.

तुझा,
मामा